धुराड्याला पाणी

पहिला आला तो बाईकवरून उतरलाच नाही.
वर बघून म्हणाला, पाडून टाका मॅडम,
एक पत्रा ठोकतो, दोन हजारांत मोकळ्या.

दुसरे निनावे कॉन्ट्रॅक्टर. टेप लावला, मोबाईलवर गुणाकार केला,
सिमेंट, वॉटरप्रूफिंग, पाच वर्षांची गॅरंटी.
मागचं सिमेंटही असंच कुणीतरी गॅरंटीनं लावलेलं.
ते अजून शाबूत आहे.
त्याच्या मागच्या विटांचा तेवढा भुगा झाला.

मोहननगरातलं हे घर आम्ही
एका इंजिन ड्रायव्हरच्या मुलीकडून घेतलं.
ती पर्थला गेली. जाताना किल्ल्यांबरोबर
कोळशाचं छोटं फावडं दिलं, म्हणाली, हे इथलंच आहे.

तिसऱ्याला शोधत मीच ठिय्यावर गेले.
सकाळचे सात, मे महिना, गाडी थांबताच वीस माणसं काचेशी.
"चुन्याचं काम येतं कुणाला?"
गर्दी पातळ झाली.
मागे एकजण तर्रीपोहे खात होता.
त्यानं प्लेट संपवली, तर्री पिऊन टाकली, मग म्हणाला,
"येते."
नाव दुकालू. दुष्काळात जन्मला म्हणून.

शिडीवर चढून त्यानं खिळ्यानं सांधा खरवडला,
कण जिभेवर ठेवला, थुंकला.
"सुरखी हाय. बेलाचा गर बी हाय."
आणि मग त्यानं माझी मुलाखत घेतली.
पाणी कोण मारन? तीन येळ, एकवीस दिस?
लाइन गेली त बालटी कोण चढवन?
"चूल पेटवता का याच्यात?"
नाही.
"मंग काहून करता?"
ओढणी डोक्यावर घेऊन मी उभी होते,
काही सुचलं नाही. म्हटलं, माहीत नाही.
त्यानं मान हलवली,
जणू माप बरोबर जुळलं होतं.

हजार रोज, रेजाचे सहाशे वेगळे.
मी आठशे म्हटलं. तो दोन पायऱ्या उतरला.
साडेनऊशे म्हटलं, तिथंच थांबला.

बिसाहीन, त्याची रेजा, जुन्या लुगड्यातून सुरखी चाळायची,
घमेलं डोक्यावर घेऊन हात न लावता शिडी चढायची.
तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलली:
"चुना तहानला, बाई. धरायच्या आधीच सुकून ऱ्हायला."
भिंतीशी जुन्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या टाकल्या होत्या.
"हे कोनाच्या कामाचं हाय का?"

तारेनं चार ताट्या आवळल्या, वरून बारदान,
वरून आमच्या बागेचा पाइप.
नवतपा लागला तेव्हा आख्ख्या गल्लीत
सगळ्यात गार होतं ते आमचं धुराडं.
समोरून पॅट्रिक अंकल ओरडले,
"काय हो, चिमणीला उकडतंय का?"

सकाळी, बाराला, दिवेलागणीला.
गच्ची चपलेतून पोळायची, गुडघा मोजून वाजायचा.
पत्र्याच्या बाजूनं असलेला नवरा शिडी धरायचा,
एक दिवस मी अंघोळीला गेले तर
बाहेर आल्यावर त्याची लुंगी कमरेपर्यंत ओली.
कुणी काही बोललो नाही.

दोन दिवसांची मजुरी मी मागे ठेवली होती.
काम टिकलं तर देऊ, असं मनात,
म्हणजे माझीही गॅरंटीच, बिनपत्त्याची.
बाविसाव्या दिवशी दुकालू आला.
पैशाचं काढलंच नाही. रद्दीचा पेपर मागितला,
चुरगळून शेगडीत ठेवला, काडी लावली.

धूर घुटमळला. खोलीत आला,
आमच्या तोंडावर आला, आम्ही दोघं खोकलो,
नवरा खिडकीकडे धावला,
आणि तेवढ्यात त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं:
वळला, आत शिरला,
जाताना खोलीत ओल्या वाळ्याचा वास ठेवून गेला.

वर गच्चीवरून बिसाहीन ओरडली,
"निकलिस!"

मी नोटा मोजल्या,
परत मोजल्या.
त्यानं न मोजताच खिशात घातल्या,
आणि विचारलं, "ताट्या सोडू का राहू देऊ?"